साधेपणाच्या किस्स्यांआड हरवलेला आमदार

भाई गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की पहिली गोष्ट एसटीची निघते. अकरा वेळा निवडून आलेला माणूस लाल डब्यात बसून प्रवास करायचा. राहणी साधी, मागेपुढे गाड्यांचा ताफा नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा हेच फोटो आणि हेच किस्से सगळीकडे फिरत होते. त्याखाली ‘असा आमदार पुन्हा होणे नाही’ एवढं लिहून लोक मोकळे होत होते. या वाक्याचा मला राग येतो. एखाद्याला एकदा संतपदी बसवलं की त्याच्याकडून शिकायची जबाबदारी संपते. गणपतआबा साधे होते, यात वाद नाही. पण साधेपणा हा त्यांच्या आमदारकीचा सगळ्यात लहान भाग होता. मोठा भाग विधानसभेच्या सभागृहात घडला आणि त्याबद्दल आपण जवळपास काहीच बोललो नाही.

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातला, माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यातला तालुका. पाऊस कमी, विहिरी खोल, घराघरात कुणीतरी कामासाठी बाहेर गेलेलं. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर आबा तिथून १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ला दोनशेहूनही कमी मतांनी पडले, १९९९ला पुन्हा आले. २०१४ची निवडणूक त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर लढवली आणि जिंकली. २०१९ला थांबले. मंत्रिपद दोनदा मिळालं, तेही थोड्या काळासाठी. उरलेली बहुतेक सगळी वर्षं विरोधी बाकावर गेली, आणि पक्ष शेवटपर्यंत एकच राहिला. त्या पक्षाची विधानसभेतली ताकद कमी कमी होत २०१४ला तीन आमदारांवर आली होती, तरीही.

आता आजचं एक पेटंट वाक्य घ्या: ‘सत्तेत असल्याशिवाय मतदारसंघातली कामं होत नाहीत.’ पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार हे वाक्य म्हणतो आणि आपण मान डोलावतो. ते खरं असेल तर सांगोल्यासारख्या तहानलेल्या तालुक्यानं, ज्याच्या हातात ना खातं ना तिजोरी अशा माणसाला पाच दशकं निवडून का दिलं? तिथले लोक भाबडे नव्हते. दोनदा त्यांनी त्यांना घरीही बसवलं होतं. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात काहीच नसतं, हा समज ज्यांच्या सोयीचा आहे त्यांनी तो पसरवला आहे.

विरोधी आमदाराच्या हातात आयुधं असतात. विधिमंडळातला शब्दच तो आहे: संसदीय आयुधं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा, अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं) विधेयक. नावं कोरडी वाटतात, म्हणून त्यातलं एकच, तारांकित प्रश्न, जरा जवळून पाहू.

समजा, एका तालुक्यात उपसा सिंचन योजनेच्या कालव्याचं काम रखडलं आहे. आमदार प्रश्न लिहून देतो. त्याचा साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक योजनेच्या अमुक कालव्याचे काम निधीअभावी बंद आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, सदर कामासाठी किती तरतूद करण्यात आली व त्यापैकी किती खर्च झाला? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्न दाखल होतो विधानभवनात, पण धावपळ सुरू होते तालुक्याच्या गावी. विधानभवनातून तो मंत्रालयात जातो, तिथून मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता असा उतरत उतरत शेवटी उपविभागातल्या शाखा अभियंत्याच्या टेबलावर येतो. ‘एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) आलाय, आज उत्तर गेलंच पाहिजे.’ सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, या एका वाक्यानं कितीतरी महिने न हललेल्या फायली बाहेर निघतात. कुणाची किती मोजमापं लिहिली गेली, ठेकेदाराला किती बिलं दिली, भूसंपादनाचे पैसे कुठे अडले, हे सगळं कागदावर आणावं लागतं. पुष्कळदा उत्तर छापून यायच्या आधीच काम सुरू झालेलं असतं.

छापील उत्तर मात्र बहुतेकदा सरळ नसतं. ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे.’ आणि सगळ्यात वाईट, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ इथे आमदाराची खरी परीक्षा असते. प्रश्नोत्तराच्या तासाला तो प्रश्न पुकारला गेला आणि आमदार जागेवर असेल, तर त्याला उपप्रश्न विचारता येतो. ‘अंशतः खरे’ म्हणता, तर खरा अंश किती? विचाराधीन आहे, तर कधीपासून? हे विचारायला आवाज लागत नाही. फाईल वाचलेली असावी लागते, मागच्या अधिवेशनात त्याच मंत्र्यानं काय आश्वासन दिलं होतं ते लक्षात असावं लागतं, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात जाऊन आलेलं असावं लागतं. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे नोंदला जातो आणि पुढेही त्याचा माग काढता येतो. बाहेर जाहीर सभेत दिलेल्या शब्दाचा असा माग काढायला कुणाला बांधून घेता येत नाही.

गणपतआबांची पाण्याची लढाई अशी दोन्हीकडे चालू होती. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांत ते उभे राहिले. सांगली, सातारा, सोलापूरच्या या तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालं पाहिजे आणि ते समन्यायी वाटलं गेलं पाहिजे, ही त्या चळवळीची मागणी. आटपाडीच्या मैदानावर जी मागणी घोषणा म्हणून येई, ती सभागृहात तरतुदीचा आकडा म्हणून मांडावी लागे. टेंभूसारख्या योजनेत पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून शेकडो फूट वर चढवावं लागतं आणि दर अर्थसंकल्पात तिच्यासाठी नव्यानं भांडावं लागतं. मोर्चा एका दिवसाचा असतो. तरतुदीवर दरवर्षी पहारा ठेवावा लागतो, आणि तो ठेवणारा माणूस पाच दशकं तिथे होता.

अशी विस्मृती एकट्या त्यांच्याच वाट्याला आलेली नाही. मृणाल गोरे म्हटलं की ‘पाणीवाली बाई’ आठवते, हंडे आणि लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे आठवतात. आठवायलाच हवेत. पण १९८५ ते ९० या काळात आमदार असताना त्यांनी गर्भलिंगचाचणीच्या विरोधात अशासकीय विधेयक आणलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? बाहेर मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि डॉक्टरांनी मोहीम उघडली होती, आत हे विधेयक होतं. सरकारला हलावं लागलं आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. अशासकीय विधेयकं मंजूर जवळपास कधीच होत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

आणि वि. स. पागे. हे वरच्या सभागृहातले, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. काम मागायला येणाऱ्या शेतमजुराला काम द्यायला सरकार बांधील असलं पाहिजे, ही कल्पना त्यांनी तिथे १९६५ साली प्रत्यक्षात करून पाहिली. १९७२च्या दुष्काळानं ती राज्यभर नेली. तिच्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ला व्यवसाय कर आला, जो आजही नोकरदारांच्या पगारातून कापला जातो. १९७७ला विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. २००५ साली देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. दारात आलेल्या एका मजुराला चार दिवसांचं काम मिळवून देणं पाग्यांना सहज जमलं असतं. त्यांनी त्याचा हक्क केला.

माझं म्हणणं एवढंच आहे: दारात येणाऱ्या तक्रारींमधून प्रश्न तयार करणं, प्रश्नातून धोरण आणि धोरणातून कायदा, हे आमदाराचं काम. बाकी सगळं दुय्यम.

आज दुय्यम तेच मुख्य झालं आहे. आमदाराच्या बंगल्यावरची सकाळ बघा. सात वाजल्यापासून माणसं. कुणाचा डीपी जळालाय, कुणाला दवाखान्यात खाट मिळत नाही, कुणाच्या मुलीचा शाळेतला प्रवेश अडलाय, कुणाला मेहुण्याची बदली जिल्ह्यात हवी आहे. पीए एका कानाला एक फोन लावून, दुसरा हातात धरून. दहा वाजता दोन रस्त्यांचं भूमिपूजन, त्यानंतर तीन लग्नं, एक दहावं, संध्याकाळी क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस वितरण. यातलं एकही चुकलं तर ‘आमदार आमच्याकडे फिरकले नाहीत’ हे गावभर होतं. अधिवेशन चुकलं तर कुणाला पत्ताही लागत नाही.

लोकांना मी नावं ठेवत नाही. मध्यरात्री पोराला सिव्हिलमध्ये घेऊन गेलेल्या बापाला आमदाराचा फोनच उपयोगी पडतो, ते खरंच आहे. त्याला संसदीय आयुधांवर प्रवचन देणं हा क्रूरपणा होईल. पण वर्षभरात खाटेसाठी आलेले असे फोन आमदारानं एका वहीत मांडले, तर जिल्हा रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि रिकामी का, हा तारांकित प्रश्न आपोआप तयार होतो. प्रत्येक फोन एकेकटा सोडवत राहिलं की प्रत्येक माणूस आमदाराचा उपकृत होतो आणि रुग्णालय तसंच राहतं. ही व्यवस्था अनेकांना सोयीची आहे. उपकार मतं मिळवून देतात. हक्क मिळालेला माणूस पुढच्या वेळी सलाम करायला येत नाही.

त्यात भर आमदार निधीची. महाराष्ट्रात एका आमदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये स्थानिक विकासासाठी मिळतात. सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीचं शेड, वर मोठ्या अक्षरात नाव. ही कामं नकोत असं नाही, पण ती ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची, नगरपालिकेची कामं आहेत. सरकारच्या खर्चावर नजर ठेवणं हे ज्याचं काम, त्यालाच खर्च करणारा केलं की नजर ठेवायची कुणी? दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं २००७ साली खासदार आणि आमदार निधी दोन्ही बंद करा अशी स्पष्ट शिफारस केली होती. नंतर आपल्याकडे हा निधी वाढतच गेला. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं ज्या स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार द्यायचे ठरलं होतं, त्या मात्र २०२२नंतर अनेक वर्षं निवडणुकांविना प्रशासकांच्या हाती राहिल्या. झेडपीचा सदस्य नव्हता, नगरसेवक नव्हता, म्हणून गटारीपासून सगळं गाऱ्हाणं आमदाराकडे, आणि आमदारही त्यात खूश.

तिकडे सभागृह आक्रसत चाललं आहे. राज्यघटनेनं दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको एवढंच सांगितलं आहे, किती दिवस बसायचं ते सांगितलेलं नाही. २०२४चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे एका आठवड्यात आटोपलं. विदर्भ महाराष्ट्रात सामील होताना १९५३च्या नागपूर करारात ज्या अधिवेशनाचा शब्द दिला गेला, त्याची आज ही स्थिती. २०२१च्या फेब्रुवारीत रिकामं झालेलं विधानसभेचं अध्यक्षपद २०२२च्या जुलैपर्यंत भरलं गेलं नाही. २०२४च्या निकालात विरोधातल्या एकाही पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. विधेयकं गोंधळात, आवाजी मतदानानं, काही मिनिटांत निघतात. घाई केली नाही तर काय होतं, तेही दिसलं आहे. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या आणि मसुद्यातले शब्द बदलावे लागले. तो कायदा मला तरीही पटलेला नाही. पण समितीकडे गेलेलं विधेयक आणि न गेलेलं विधेयक यातला फरक तिथे कागदावर दिसतो.

आता पक्षांतराबद्दल, आणि तेही सांगोल्यावरूनच. २०१९ साली याच मतदारसंघातून शिवसेनेचे शहाजीबापू पाटील हजाराहून कमी मतांनी निवडून आले. जून २०२२मध्ये ते गुवाहाटीत होते आणि तिथून फोनवर बोललेलं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घराघरात पोचलं. लोकांनी त्यावर गाणी केली. मला ते ऐकून वाईट वाटलं होतं, आणि ते एका आमदारापुरतं नव्हतं. एका राज्याच्या विधानसभेचे पंचवीस-तीसहून अधिक सदस्य दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात आहेत, सरकार कुणाचं राहणार हे तिथे ठरतं आहे, आणि ज्या सभागृहात हे ठरायला हवं ते बंद आहे. यात आपल्याला करमणूक सापडली. सांगोल्याची राज्यभर ओळख झाली ती अशी.

पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ला दहावी अनुसूची आली, २००३ला ती आणखी कडक झाली. तिचं पुढे काय झालं ते आपण पाहिलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे, अध्यक्ष सत्ताधारी बाकावरून निवडलेले. २०२२च्या शिवसेनेतल्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३चा, अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४चा, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. घाऊक पक्षांतर या कायद्याच्या हाती लागत नाही. हाती लागतो तो एकटा प्रामाणिक आमदार. पक्षाचा व्हीप प्रत्येक विधेयकावर निघू शकतो, त्यामुळे आपल्या भागातल्या शेतकऱ्याचं नुकसान करणाऱ्या कलमावर त्याला विरोधात मत देता येत नाही. मत ठरलेलंच असेल तर अभ्यास कशासाठी करायचा? गणपतआबांच्या पक्षाचा व्हीप म्हणजे जवळपास त्यांची स्वतःचीच सदसद्विवेकबुद्धी होती, आणि मोठ्या पक्षातल्या आमदाराला ती मोकळीक मिळत नाही, हे मान्य करायला हवं. दिनेश गोस्वामी समितीनं १९९०मध्येच सुचवलं होतं की व्हीप मोडल्याची शिक्षा विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठराव, धनविधेयक अशा सरकारच्या जिवावर बेतणाऱ्या मतदानापुरती ठेवा. बाकी विधेयकांवर सदस्याला मोकळं सोडा. ती शिफारस स्वीकारावी, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून मुदतीत निकाल देणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा.

विधिमंडळाच्या कामकाजाचे किमान दिवस कायद्यानं ठरावेत, हेही तितकंच निकडीचं. नाहीतर उत्तम अभ्यास केलेल्या आमदाराचा प्रश्नही यादीत खाली राहतो आणि अधिवेशन संस्थगित होतं.

सांगोल्यानं २०२४ला गणपतआबांचे नातू बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिलं. घराण्याच्या नावावर मिळालेली मतं हा वेगळा विषय आहे आणि मला तो खुपतोही. पण त्यांना आजोबांच्या राहणीशी ताडून पाहू नये असं मला मनापासून वाटतं. डाळिंबावरचा तेल्या रोग, टेंभूच्या आवर्तनाच्या तारखा, शेवटच्या टोकाला न पोचणारं पाणी यांवर सभागृहात काय विचारलं गेलं, एवढंच बघावं. हाच हिशेब बाकीच्या २८७ जणांचाही मांडला जावा. प्रत्येक अधिवेशनानंतर आमदाराची उपस्थिती, विचारलेले प्रश्न, केलेली भाषणं, समित्यांच्या बैठकांतली हजेरी हे सगळं विधिमंडळ सचिवालयानं प्रत्येक मतदारसंघातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? निवडणुकीच्या वेळी उमेदवाराची मालमत्ता आपण शपथपत्रात वाचतोच.

आणि आमदाराला अभ्यासाला माणूस द्या. आज त्याच्याकडे फोन उचलणारा पीए असतो, पण दोनशे पानांचं विधेयक वाचून त्यातलं कोणतं कलम त्याच्या तालुक्याला भोवणार हे सांगणारं कुणी नसतं. पुरवणी मागण्यांची जाडजूड पुस्तकं टेबलावर येतात आणि तशीच राहतात. विधानसभेच्या २८८ आमदारांचा स्थानिक विकास निधीच वर्षाला १,४४० कोटींच्या घरात जातो. त्यातून एका मतदारसंघामागे वीस लाख बाजूला काढले, तर दोन चांगले अभ्यासक वर्षभर नेमता येतात. एक मुंबईत फायली आणि अर्थसंकल्प वाचायला, दुसरा तालुक्यात, सकाळी सातला येणाऱ्या माणसांच्या तक्रारी वहीत मांडायला.